सूनबाईच्या डबीतली मशेरी

सूनबाईला चौथा महिना लागला आणि तिची दाढ ठणकायला लागली. तिथूनच सुरू करते, कारण मी जे काही केलं ते तिथेच केलं.

आम्ही सुकापूरला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. मी, मुलगा आणि सून. आमचे हे बंदरावर कामाला होते, त्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली. माझं माहेर उरणकडचं, खाडीकाठचं, आणि उमेदीची सगळी वर्षं मी पनवेलच्या बाजारात मासळी विकण्यात घालवली. सूनबाई पुण्याची, ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करणारी. लग्न त्या दोघांनी आपलं आपण जुळवलेलं. नवीन होती तेव्हा कोलंबी सोलायला बसली तर एकेक कोलंबी अशी धरायची जणू ती चावणार आहे. मला हसू यायचं. पण पोरगी गुणाची, मनात काही ठेवणारी नाही.

तर त्या दिवशी ती ऑफिसातून आली ती गाल धरूनच. म्हणाली, "आई, दुखण्यावरची एक गोळी घेऊ का? कानापर्यंत कळ जातेय."

"गोळीबिळी काही घेऊ नको," मी म्हटलं. "तू घेतलेली गोळी बाळाला जाते. थांब जरा."

आणि मी ओट्याखालचा माझा डबा काढला.

मशेरीचा डबा. आता पुण्यामुंबईच्या नव्या मुलींना माहीत नसेल म्हणून सांगते. काळ्या तंबाखूची पानं लोखंडी तव्यावर भाजायची, पार कोळशासारखी होईपर्यंत. मग ती हाताने चुरायची आणि फडक्यातून गाळायची. खाली जी काळी पूड पडते ती मशेरी. सकाळी उठलं की बोटावर घ्यायची आणि दातांना, हिरड्यांना घासत बसायचं. आमच्याकडे माझ्या वयाच्या बायकांत मशेरी न लावणारी शोधून सापडायची नाही. मला सासूबाईंनी लावली. पहाटे होड्या लागायच्या, पाटी भरायची, बाजार गाठायचा, चहा पोटात जायला दहा वाजायचे. मशेरी लावली की भूक मरते. सासूबाईंनी तीच तर सोय सांगितली होती मला.

आणि मी काही साधीसुधी लावणारी नव्हते. माझ्या हातची मशेरी नावाजलेली होती. पानं किती भाजायची, कधी तवा उतरवायचा, याचा माझा अंदाज चुकत नसे. जरा कमी भाजली तर जिभेला झोंबते, जास्त भाजली तर राख होते. नात्यातल्या बायका पानं आणून द्यायच्या आणि भाजून न्यायच्या. बिल्डिंगमध्ये राहायला आलो तर धुराने खालच्या मजल्यापर्यंत लोक खोकायचे, म्हणून मी दुपारी भाजायला लागले, सगळे कामावर गेले की.

तर ही अशी मशेरी मी सूनबाईच्या पुढे धरली.

ती जरा मागे सरकली. "काळी आहे हो, आई. दात काळे होतील."

"दात घासून होतात पांढरे. दुखणाऱ्या दाढेच्या हिरडीला नुसतं लावायचं, दहा मिनिटं ठेवायचं आणि थुंकायचं. पोटात काहीसुद्धा जात नाही."

तिने लावलं. पाचेक मिनिटांत तिचा चेहरा पांढराफटक पडला, कपाळावर घाम आला आणि ती तिथेच फरशीवर बसली. "आई, गरगरतंय." मी तिला पाणी दिलं, गुळाचा खडा दिला आणि हसले. हसलेच मी. म्हटलं, "पहिल्यांदा सगळ्यांनाच लागते गो. मला तर ओकारी झाली होती."

आज हे वाक्य आठवतं तेव्हा माझ्याच अंगावर काटा येतो. लागते हे मला माहीत होतं. सगळ्या बायकांना माहीत असतं. डोकं फिरवणारी वस्तू आपण पोटुश्या बाईच्या तोंडात घालतोय, हे मला दिसत होतं आणि तरी दिसत नव्हतं. गोळीला मी औषध समजत होते म्हणून भीती. मशेरी ती काय, दात घासायची पूड.

दाढ मात्र थांबली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपणहून आली. "आई, ते कालचं द्या ना थोडं."

आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. पुण्याची, शिकलेली, पगार कमावणारी सून माझ्याकडे काहीतरी मागत होती. मग रोजचंच झालं. सकाळी मुलगा अंघोळीला गेला की आम्ही दोघी बाल्कनीत स्टुलावर बसायचो, समोर रिकामी वाटी थुंकायला, आणि बोटाने दात घासत बोलायचो. ती तिच्या साहेबाबद्दल बोलायची, आईबद्दल बोलायची, मुलगा लग्नाआधी कसा तासन्‌तास वाट बघत थांबायचा ते सांगायची. मीही बाजारातल्या गमती सांगायचे. चार वर्षांत झालं नव्हतं एवढं बोलणं त्या महिनाभरात झालं. दाढ कधीच थांबली होती, पण आम्ही दोघीही ते बोललो नाही.

पुढे ती संध्याकाळीही लावायला लागली. मग एक दिवस म्हणाली, "आई, ऑफिसमध्ये दुपारी फार कसंतरी होतं, चिडचिड होते. थोडी नेऊ का?" मी एक छोटी स्टीलची डबी घासून, उन्हात वाळवून, माझ्या हाताने भरून दिली. पर्समध्ये बसेल अशी.

पाचवा संपत आला तेव्हा तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. आम्ही पनवेलमध्ये एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तरुणच होत्या, तोंडाला मास्क, डोळे तेवढे दिसत होते. आधी त्यांनी नाव, वय, कितवा महिना असं सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, "तंबाखू, गुटखा, सिगारेट, काही सवय?"

"नाही," सूनबाई म्हणाली.

मी मागच्या खुर्चीवर बसले होते. मला राहवलं नाही. "आमच्या घरात तंबाखूला थारा नाही, डॉक्टर. मुलाच्या खिशात कॉलेजात असताना गुटख्याची पुडी सापडली होती, तर मी त्याला भर बाजारात चार लगावल्या होत्या."

डॉक्टरीणबाई हसल्या. "बरं केलंत." आणि आरसा घेऊन सूनबाईच्या तोंडात बघायला लागल्या. बघता बघता थांबल्या. दिवा खाली ओढला, पुन्हा बघितलं.

"तुम्ही दात कशाने घासता?"

"पेस्टने," सूनबाई म्हणाली. "आणि मग मशेरी."

त्यांनी आरसा ट्रेमध्ये ठेवला. मास्क खाली केला. तेव्हा पहिल्यांदा त्यांचा सगळा चेहरा दिसला मला.

"दिवसातून किती वेळा?"

"तीनदा. कधी चारदा."

"मॅडम, मशेरी म्हणजे तंबाखू. भाजलेला असला तरी तंबाखूच."

सूनबाईने माझ्याकडे वळून बघितलं. मला वाटलं, ह्या बाईला काहीतरी गैरसमज झालाय. म्हटलं, "अहो पण ती खात नाहीत. लावतात आणि थुंकतात. पोटात नाही जात."

"आजी, पोटात जायची गरजच नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही त्यांनी, पण एकेक शब्द सुटा बोलत होत्या. "हिरडीची कातडी पातळ असते. तिथूनच निकोटीन रक्तात जातं. आणि आईच्या रक्तातून बाळाला. तुम्ही दहा मिनिटं ठेवता, अर्धा तास घासता. तेवढा वेळ ते झिरपतच असतं. बाळाला रक्त कमी पुरतं. बाळ कमी वजनाचं होऊ शकतं, आधी होऊ शकतं. काही वेळा पोटातच जातं."

सूनबाई खुर्चीवर आडवी होती, तशीच राहिली. दोन्ही हात पोटावर. मग अगदी हळू विचारलं तिने, "माझं बाळ?"

"ते मी इथून सांगू शकत नाही. आजच्या आज तुमच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना हे सांगा. सोनोग्राफी करतील. आणि आजपासून बंद. कोणत्याही महिन्यात बंद केलं तरी फायदा होतो, हे लक्षात ठेवा. घाबरून रडत बसू नका."

मी उठून उभी राहिले. का उभी राहिले माहीत नाही. तोंडातून निघून गेलं, "माझी एक मुलगी आठव्यात गेली होती. पोटातच."

सूनबाईला हे माहीत नव्हतं. मुलालाही नव्हतं. पंचेचाळीस वर्षांत मी ते कोणापुढे काढलं नव्हतं. तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, ग्रहणात तू विळी हातात घेतलीस. मी ते खरं धरून बसले होते. दर ग्रहणाला मला ती विळी आठवायची, मी हातात घेतली की नव्हती घेतली, यावर डोकं शिणवायची. आणि त्या आठ महिन्यांत, बाळंतिणीच्या खाटेवरसुद्धा, मशेरी माझ्या उशाशी होती.

"त्यामुळेच का हो?" मी विचारलं.

डॉक्टरीणबाई खोटं बोलल्या नाहीत. "इतक्या वर्षांनी कोणीच सांगू शकणार नाही, आजी. दुसरं काही कारण असेलही." मग त्यांनी मला खुर्चीवर बसायला सांगितलं. माझं तोंड बघितलं. खालच्या ओठाच्या आत, मी जिथे चिमूट ठेवून द्यायचे तिथे, पांढरा चट्टा होता. तो मला माहीत होता, जिभेला खरखरीत लागायचा. तोंडाचा कॅन्सर बरेचदा अशाच चट्ट्यातून सुरू होतो, म्हणाल्या, तुकडा काढून तपासायला हवा. पुढे तो तपासला. आत्तापुरतं काही निघालं नाही, दर तीन महिन्यांनी दाखवायला सांगितलंय. पण त्या दिवशी सांगते, त्या चट्ट्याचं मला काही वाटलंच नाही. माझं लक्ष सूनबाईच्या हातांवर होतं. ते पोटावरून हलत नव्हते.

आम्ही रिक्षात बसलो. सुकापूरच्या वळणावर तिने पर्स उघडली, ती स्टीलची डबी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. बाहेर बघायला लागली. ती मला काही बोलली असती, ओरडली असती, तर मला सोपं गेलं असतं.

मुलगा सहाला आला. सूनबाईने त्याला सगळं सांगितलं, न रडता, जसं ऑफिसातलं काम सांगावं तसं. मी दाराला टेकून उभी होते. मला वाटत होतं आता हा माझ्यावर फुटेल. त्याचा हक्कच होता. बाजारात चारचौघांत मार खाल्ला होता त्याने माझा, एका पुडीसाठी.

तो माठाशी गेला. पाणी प्यायला. पेला विसळून उपडा ठेवला.

सूनबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तू एवढा शांत कसा?"

"शांत कुठे. विचार करतोय."

"नाही. तुझं काहीतरी आहे. बोल."

त्याने मान खाली घातली आणि बॅगेच्या बाजूच्या कप्प्यातून एक चपटी डबी काढून टेबलावर ठेवली. पेपरमिंटची असते तशी. मी ती कितीदा तरी बघितली होती. सूनबाईनेही. जेवण झालं की तो एक गोळी तोंडात टाकायचा, आम्हाला वाटायचं वासासाठी.

"हे मिंट आहे ना?" ती म्हणाली.

"मिंटचा वास आहे. आत तंबाखू आहे. जिभेखाली ठेवायची, आपोआप विरघळते. थुंकायला लागत नाही." आणि मग घाईघाईने, "गुटखा मी खरंच सोडलाय. हे त्यापेक्षा बरं असतं. मित्र परदेशातून आणतो. तिकडे सगळे घेतात."

"दोन महिन्यांपूर्वी मला मळमळत होतं," सूनबाई म्हणाली, "तेव्हा मी तुझ्याकडे एक मागितली. तू दिली नाहीस. तिखट आहे म्हणालास."

"म्हणून तर नाही दिली."

"म्हणजे तुला माहीत होतं हे काय आहे."

त्याने डबी बोटाने जरा बाजूला सरकवली. ती म्हणाली, "आईंना माहीत नव्हतं. तुला होतं."

मी ती डबी उघडली. आत बारक्या पांढऱ्या गोळ्या, गुळगुळीत, वास असा की लहान पोराला वाटेल चॉकलेटच. मशेरी निदान काळी असते, कडू असते, पोराने चुकून तोंडात घातली तर थुंकून टाकेल. ही गोळी कोण थुंकणार? उद्या आमच्याच घरात रांगणारं मूल असणार, टेबलाखाली पडलेली एक गोळी त्याच्या हाताला लागली तर? मी हे बोलले आणि मुलाचा चेहरा उतरला. ह्याचा विचार त्याने केलाच नव्हता. बाप होणार म्हणून पाळणा बघून आला होता, भिंतीला कुठला रंग द्यायचा ते ठरवत होता, आणि ती डबी बॅगेत.

तीन माणसांचं घर. एक जण लावतं म्हणून ते खाणं नाही. एकीला दाढेसाठी दिलं म्हणून ते औषध. एक जण विरघळवतो म्हणून ते मिंट. आणि डॉक्टरला मी छाती पुढे काढून सांगितलं होतं, आमच्या घरात तंबाखूला थारा नाही.

त्या संध्याकाळी माझा मोठा डबा मी न्हाणीत रिकामा केला. मुलाने त्याच्या गोळ्या त्यातच टाकल्या. काळं पाणी बराच वेळ वाहत होतं.

सोनोग्राफीत निघालं की बाळ आहे, हलतंय, पण महिन्याच्या मानाने जरा लहान आहे. "जरा मागे आहे," असं म्हणाल्या बाळंतपणाच्या डॉक्टर. पंधरा दिवसांनी पुन्हा या, खाणंपिणं सांभाळा, आणि ते बंद म्हणजे बंद. ते "जरा मागे" माझ्या कानात बसलं. भाजी घेताना, भात टाकताना, तेच.

सूनबाईला पहिला आठवडा वाईट गेला. डोकं दुखायचं, कामावर कोणावर तरी ओरडून आली, एकदा तर कुकरची शिट्टी होत नाही म्हणून रडली. दोन महिन्यांच्या सवयीने तिची ही दशा. माझी तर पन्नासेक वर्षांची. मला हातच सुचेनात. बोट आपोआप तोंडाकडे जायचं. आणि तिसऱ्या दिवशी, सांगायला लाज वाटते, मी ओट्याखालचा तो रिकामा डबा काढला, बोट ओलं केलं आणि तळाच्या कोपऱ्यातलं खरवडायला लागले. मागे सूनबाई उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

तिने माझ्या हातातून डबा घेतला. "आई, तुम्ही लावलीत की मला वास येतो. मग मला राहवत नाही." एवढंच बोलली. डबा भंगारवाल्याच्या पिशवीत गेला. त्यानंतर मी लावली नाही. बडीशेप चघळते, दालचिनीचा तुकडा तोंडात धरते. सकाळचं बाल्कनीतलं बसणं मात्र बंद झालं. दोन रिकामी स्टुलं तिथे होती, आम्ही दोघी त्यांच्याकडे बघायचो आणि आपापल्या कामाला लागायचो.

ह्याच दिवसांत कोन गावाहून माझी धाकटी जाऊ आली. काखेत प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पानं.

"बाय, जरा चांगली भाजून दे. पोरीला सातवा लागलाय, ती बोलते तुझ्या हातचीच पायजे."

तिच्या लेकीलाही मीच देत आले होते. ते मी विसरलेच होते बघा. आणि अशा किती जणींना.

"मी नाय भाजत आता," मी म्हटलं. "आणि तू पण पोरीला देऊ नको. तो तंबाखू हाय."

जाऊ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "मग काय गूळ हाय का? तंबाखूच हाय. आज कलला तुला?"

"तसं नाय गो. पोटातल्या पोराला लागते ती. डॉक्टरने सांगितलं."

"पुण्याची सून आली आणि तू डॉक्टरीण झालीस." ती पाय पसरून बसली. "आपल्या सासूने आठ पोरं काढली मशेरी लावून. आमी पण काढली. काय झालं?"

"आठ काढली. जगली किती?"

बोटं मोजली नाहीत तिने, पण मला दिसत होतं ती मोजतेय.

"तवा दवाखाने नव्हते," ती म्हणाली.

"नव्हते. माझी आठव्यात गेली तवा तूच मला पेज भरवत होतीस. आठवतंय ना?"

बराच वेळ ती पिशवीची गाठ सोडत बसली आणि पुन्हा बांधत बसली. मग उठली. "चहा नको. पोरगी एकटी हाय घरी." पिशवी बरोबर घेऊन गेली. ती पानं तिने घरी भाजली की टाकली, मला माहीत नाही. मी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा ती दुसऱ्याच विषयावर बोलली.

सातव्यात ओटी भरली की पहिल्या बाळंतपणाला लेकीला माहेरी न्यायचं, हा तर आपला रिवाजच. विहीणबाई पुण्याहून येणार होत्या. आदल्या दिवशी सूनबाई माझ्या शेजारी येऊन बसली.

"आई, मम्मीला सांगू नका. ती फार मनाला लावून घेईल. फाईलमध्ये लिहिलंय सगळं, तिकडची डॉक्टर वाचेलच."

"फाईल तुझी मम्मी वाचणार नाही का? शाळेत शिकवलंय त्यांनी जन्मभर."

"वाचेल तेव्हा बघू."

"नको. कागदातून कळलं तर त्यांना वाटेल तू लपवलंस. दिली मी, सांगणार मी."

ती माझ्या खांद्याला डोकं टेकवून बसली. दातांच्या डॉक्टरकडून आल्यापासून पहिल्यांदाच एवढी जवळ बसली होती.

विहीणबाई आल्या, लाडू, साडी, सगळं घेऊन. माणूस शांत, बोलणं मोजकं. ओटी भरून झाली, पानं वाढायची होती. मी त्यांना आतल्या खोलीत बोलावलं आणि उभ्या उभ्याच सांगितलं. दाढ दुखली, गोळी घेऊ दिली नाही, मशेरी दिली, डबी भरून दिली, बाळ वजनाला कमी आहे. मधे थांबले असते तर पुढचं बोलता आलं नसतं.

त्यांनी पलंगाचा कठडा धरला. "गोळी घेऊ दिली नाहीत," त्या म्हणाल्या, "बाळाला त्रास नको म्हणून."

"हो."

"आणि हे दिलंत."

"हो."

"तिने विचारलं नाही तुम्हाला, हे काय आहे?"

"विचारलं असेल. मी म्हटलं, नुसतं लावायचं, पोटात जात नाही. तिने माझ्यावर विश्वास ठेवला."

विहीणबाई खिडकीशी गेल्या. खाली मुलं क्रिकेट खेळत होती, त्यांचा आवाज येत होता. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "माझ्या वर्गात पोरांचे खिसे तपासायचे मी. पुड्या निघायच्या. मला वाटायचं, ह्यांच्या घरची माणसं अशी कशी." एवढं बोलून त्या थांबल्या. पुढचं मला ऐकवलं नाही त्यांनी, पण मी ऐकलं.

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. ताटावर बसल्या, पाणी फिरवलं, एक घास घेतला आणि उठल्या. मी आग्रह केला नाही. कोणत्या तोंडाने करणार होते? चार वाजता लेकीला घेऊन गेल्या. सूनबाईने गाडीत बसताना मला हात केला. त्यांनी नाही केला.

मग वाट बघणं. रोज रात्री जेवणाच्या वेळेला सूनबाईचा फोन यायचा. आज पाव किलो वाढलं असं सोनोग्राफीत दिसतंय. आज तेवढंच आहे. आज डॉक्टर म्हणाल्या, बाळाभोवतीचं पाणी कमी वाटतंय. मुलगा दर शनिवारी पुण्याला जायचा. त्याच्या खिशातून काही निघतंय का, हे मी बघायचे, लपूनछपून नाही, त्याच्यासमोरच. तोही खिसे उलटे करून दाखवायचा. एकदा म्हणाला, "तू पण तोंड उघड, आई." मी उघडलं.

नववा लागून आठवडा झाला असेल, एका सकाळी फोन वाजला. सूनबाईचा नव्हता. विहीणबाईंचा. त्या गेल्यापासून आमचं एक अक्षरही बोलणं झालं नव्हतं. माझे हात पिठाचे होते, तशाच हातांनी मी फोन कानाला लावला.

"आधी वजन सांगते," त्या म्हणाल्या. "दोन किलो दोनशे. कमी आहे. मुलगी झाली. स्वतःहून रडली, श्वास घेतेय. दोन दिवस पेटीत ठेवणार आहेत, ऊब द्यायला. आई चांगली आहे."

मी खाली बसले. मुलगा आतून धावत आला, मी त्याला दोन बोटं दाखवली, त्याला काही कळेना.

"डॉक्टर काय म्हणाल्या?" मी विचारलं. "त्यामुळेच का?"

"विचारलं मी. त्या म्हणाल्या, नक्की कोणी सांगू शकत नाही. पण वेळेवर बंद केलं ते बरं झालं म्हणाल्या." थोडा वेळ नुसता आवाज येत होता, दवाखान्यातला, ट्रॉली ढकलल्याचा. "ही नात उद्या तुम्हाला विचारेल, आजी, मी एवढीशी का. तेव्हा तुम्ही काय सांगणार?"

"जे तुम्हाला सांगितलं तेच."

तिकडे कोणीतरी त्यांना हाक मारली, त्यांनी आले म्हणून सांगितलं. मी विचारलं, "येऊ का मी बघायला?"

"मी अजून रागावलेली आहे," विहीणबाई म्हणाल्या. "पण तुमची सून मघापासून विचारतेय, आईंना कळवलं का. दुपारपर्यंत पोचाल असं निघा. पेटीच्या काचेतून बघायला देतात, दहा मिनिटं."

मी हात धुतले, मळलेलं पीठ तसंच झाकून ठेवलं आणि मुलाला म्हटलं, "गाडी काढ."